'स्पूलर रीस्टार्ट करा' हे उत्तर नव्हे!

मंडळी, या शनिवारचा विषय जरा रटाळ आहे. एआय नाही, पगारवाढ नाही, पुणे की बंगळूर हेही नाही. विषय आहे प्रिंटिंग. त्यातही प्रिंटर नव्हे, तर प्रिंटरच्या आधी जी रांग लागते ती सांभाळणारं सॉफ्टवेअर, म्हणजे प्रिंट स्पूलर. 'हा काय लेख लिहायचा विषय झाला का राव?' असं जे म्हणतील त्यांच्यासाठीच मुद्दाम लिहितोय, कारण असं म्हणणाऱ्यांमुळेच ही वेळ आलीय.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे ईआरपी निवडायला सहा सहा महिने मीटिंगा चालतात. सर्व्हर कुठला, डेटाबेस कुठला, क्लाउड कोणाचा, यावर पीपीटीवर पीपीटी. प्रिंटर घेतानासुद्धा तीन कोटेशनं मागवतात. आणि ज्याच्या भरवशावर रात्री दोन वाजता माल गेटबाहेर पडणार, तो स्पूलर कोण निवडतं? कोणीच नाही. विंडोजबरोबर जो आला तो, नाहीतर प्रिंटर बसवायला आलेल्या पोराने जे पोर्ट टाकलं ते. निवड न करणं हीसुद्धा निवडच असते, आणि गर्दीच्या ठिकाणी ती हमखास अंगाशी येते.

आणि ज्या थोड्या हापिसांत निवड होते, तिथे ती चुकीच्या यादीवरून होते. फीचर किती, किंमत किती, डॅशबोर्ड रंगीत आहे का. माझ्या मते पहिला प्रश्न एकच हवा: कागद खरोखर बाहेर आला की नाही हे या सॉफ्टवेअरला कळतं का, आणि नसेल आला तर ते कोणाला सांगतं? बाकी सगळं नंतर.

पेपरलेस, पेपरलेस... कुठे?

'आता कोण प्रिंट काढतं?' हे वाक्य ऐकलं की मला त्या माणसाला धरून वाळूजला न्यावंसं वाटतं. बजाजचा कारखाना तिथे १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या मागे सुट्या भागांच्या लहान-मोठ्या कारखान्यांची रांग उभी राहिली. चिकलठाणा तर त्याच्याही आधीचं. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा. या सगळ्यांचं पोट एका गोष्टीवर आहे: ठरलेला माल ठरलेल्या वेळी गिऱ्हाइकाच्या लाइनवर पोचला पाहिजे. आणि माल हलतो कागदावर.

कायद्याने कागद कमी केला, हे खरं. जीएसटीच्या नियम ४८ प्रमाणे मालाच्या इन्व्हॉइसच्या तीन प्रती लागतात: एक घेणाऱ्याला, एक वाहतूकदाराला, एक विकणाऱ्याला. पण ई-इन्व्हॉइस आल्यावर (१ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ते बंधनकारक झालं) त्या इन्व्हॉइसला तीन प्रतींचा नियम उरला नाही. २०१८ पासूनच्या ई-वे बिलाचाही नुसता नंबर चालतो. पण गेटवरच्या वॉचमनकाकांना हे सांगून बघा! ड्रायव्हरच्या हातात कागद नसेल तर बॅरिकेड वर होत नाही. पुढच्या गेटवरही तेच. शिवाय पेटीवर लेबल लागतंच, ते काही मोबाइलवर दाखवता येत नाही.

जरा हिशेब करू. समजा एका गाडीत ४० पेट्या. म्हणजे ४० लेबलं, इन्व्हॉइसच्या ३ प्रती, ई-वे बिल, तपासणीचा रिपोर्ट आणि गेटपास. झाले ४६ प्रिंट. शिफ्टला २० गाड्या धरा: ९२०. यातल्या निम्म्या गाड्या शिफ्ट सुटायच्या आधीच्या एका तासात निघतात (ज्याने डिस्पॅच पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको). म्हणजे त्या तासात ४६०. दर आठ सेकंदाला एक. हे आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. पण 'दिवसाला हजारभर तर प्रिंट, त्यात काय' असं म्हणणारा माणूस त्या एका तासाबद्दल बोलत नसतो, हे लक्षात घ्या.

आणि हे फक्त कारखान्यांचं नाही. सकाळी घाटी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीसमोरची रांग आठवा. कोर्टातल्या नकला आठवा. परीक्षेच्या आधी कॉलेजात निघणारी हॉल तिकिटं आठवा. गर्दीच्या वेळी जिथे कागद थांबला की माणूस थांबतो, ती सगळी 'बिझी सिस्टीम'च.

स्पूलर म्हणजे नक्की काय

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. स्पूल म्हणजे रीळ. कॉम्प्युटर भराभर बोलतो, प्रिंटर सावकाश छापतो. दोघांच्या मधे कोणीतरी बसून एकाचं बोलणं लिहून घ्यायचं आणि दुसऱ्याला त्याच्या वेगाने एकेक वाचून दाखवायचं, हे स्पूलरचं काम. दवाखान्यातला नंबर देणारा माणूसच म्हणा ना. तो चांगला असेल तर पेशंट निवांत बसतात. डॉक्टर चहाला गेले तर तो सांगतो, इमर्जन्सी आली तर तिला आत सोडतो, आणि कोण तपासून झालं, कोण कंटाळून निघून गेलं याची वही ठेवतो. वाईट असेल तर सगळे दारात गर्दी करतात, आणि डॉक्टर आत आहेत की नाहीत हेच कोणाला माहीत नसतं.

बहुतेक हापिसांत हा माणूस दुसऱ्या प्रकारचा असतो. कसा, ते बघा.

आपल्याकडचे चार लाडके प्रकार

१. प्रत्येक पीसीवरून थेट प्रिंटरला. पोर्ट ९१००, कच्चा डेटा, विषय संपला. पाच पीसींच्या हापिसात हे झकास चालतं. पन्नास पीसी झाले की पन्नास वेगवेगळ्या रांगा होतात, आणि एकीला दुसरीची खबर नसते. प्रिंटर साधारण एका वेळी एकाशीच बोलतो, बाकीचे दार वाजवत बसतात. एचआरने दिवाळीचं रंगीत पत्रक सोडलं की इन्व्हॉइस मागे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बाइट पाठवून झाले की पीसी म्हणतो 'झालं'. कागद अडकला की निघाला, त्याला घेणंदेणं नाही.

२. कोणाच्या तरी डेस्कटॉपवरून शेअर केलेला प्रिंटर. अकाउंट्सच्या मॅडमनी पीसी बंद केला की डिस्पॅच बंद. डेस्कटॉप विंडोजला एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा असते (एक्सपी प्रोफेशनलला १० होती), हे बहुतेकांना एकविसावा माणूस आल्यावर कळतं.

३. जुनं एलपीडी. हे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. या प्रोटोकॉलची आरएफसी ११७९ ऑगस्ट १९९० ची. तिच्यात असं लिहिलंय की प्रिंट पाठवणाऱ्याने ७२१ ते ७३१ यांपैकीच एका पोर्टवरून बोलायचं. मोजा: ११ पोर्ट. टीसीपीत कनेक्शन बंद झालं तरी पोर्ट लगेच मोकळं होत नाही, मिनिटभर, काही सिस्टीमवर चार मिनिटांपर्यंत ते अडकून राहतं. आता आपला आठ सेकंदाला एक हा हिशेब लावा. पोर्ट चार मिनिटं अडकवणारी सिस्टीम असेल तर ८८ सेकंदांत अकराच्या अकरा पोर्ट संपले. बाराव्या प्रिंटला जागाच नाही! प्रिंटर रिकामा, नेटवर्क ठीक, सर्व्हर ठीक, आणि रांग हलत नाही. आजची बरीच सॉफ्टवेअरं हा नियम पाळत नाहीत, किंवा पाळायचा की नाही याची सेटिंग देतात. पण तुमचं कुठल्या प्रकारातलं आहे हे कधी पाहिलंय? दिवसा चालतं आणि शिफ्ट सुटताना अडकतं, अशी तक्रार असेल तर जरूर पाहा.

४. आणि रामबाण उपाय: स्पूलर रीस्टार्ट. सर्व्हिस बंद करा, सिस्टीम३२ च्या आतल्या स्पूल फोल्डरमधलं सगळं उडवा, सर्व्हिस चालू करा. याला आपण 'सपोर्ट' म्हणतो. एका अडकलेल्या कामासाठी रांगेतल्या सगळ्यांची कामं कचऱ्यात, आणि कोणाची काय काय गेली याची नोंद नाही. दवाखान्यातल्या एका पेशंटला चक्कर आली म्हणून सगळ्यांना घरी पाठवून, वही फाडून, परत नंबर लावायला सांगण्यासारखं आहे हे.

किंमत कोण मोजतं?

ही एका कारखान्यातली गोष्ट, नाव घेत नाही. लेबलचा प्रिंटर अडकला. रात्रपाळीला सपोर्टला फोन गेला, त्यांनी लांबूनच वरचा चौथा उपाय केला. रांगेत साठ लेबलं होती. ऑपरेटरला सांगितलं, 'स्क्रीनवरून साठच्या साठ परत सोड.' त्यातली काही अडकण्याच्या आधी छापून झाली होती आणि पेट्यांना लागलीही होती. ती आता दोनदा निघाली. दोन पेट्यांवर एकच सीरियल नंबर गेला, गिऱ्हाइकाच्या स्कॅनरने तो नाकारला, अख्खी गाडी परत आली.

चौकशी झाली. ऑपरेटर कंत्राटी, गंगापूरकडचा विशीतला पोरगा. 'तूच दोनदा दाबलं असशील.' तो म्हणाला, 'साहेब, मला सांगितलं तसंच केलं.' कधी काय छापलं याचा लॉग मी मागितला. लॉग नव्हताच. (विंडोजमध्ये प्रिंटसर्व्हिसचा ऑपरेशनल लॉग मुळात बंद असतो, कोणीतरी जाऊन चालू करावा लागतो. केला नव्हता.) सोमवारपासून त्या पोराला येऊ नको म्हणून सांगितलं. ज्यांनी ती व्यवस्था उभी केली त्यांच्या अप्रेझलला काही धक्का लागला नाही.

म्हणून मला राग येतो. प्रिंटिंग हे 'खालच्या' लोकांचं काम आहे असं आपण ठरवून टाकलंय. मॅनेजरच्या लॅपटॉपवर मेल अडली तर पंधरा मिनिटांत तिकीट बंद होतं. गेटवर ट्रकवाला तीन तास झोपून राहतो त्याचं तिकीटसुद्धा निघत नाही, कारण तो आपल्या सिस्टीमचा 'युजर' नाही. स्पूलर निवडताना हे ध्यानात ठेवा: त्याचा खरा युजर हा बटण दाबणारा माणूस नसतो, कागदाची वाट बघणारा माणूस असतो.

हे काही नवीन नाही बरं का. १९८० च्या आसपास एमआयटीच्या एआय लॅबला झेरॉक्सने लेझर प्रिंटर दिला. तो सारखा अडकायचा आणि लांबच्या मजल्यावर बसलेल्यांना पत्ता नसायचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती केली होती, कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना निरोप जायचा. नव्याचा सोर्स कोड मिळेना, म्हणून तसं करता येईना. त्या वैतागाचा पुढे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत मोठा वाटा होता, १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. म्हणजे जगातली एवढी मोठी चळवळ 'कागद अडकला तर मला कळवा की राव' इथून निघाली. चाळीस वर्षांनंतर आपण अजून तिथेच आहोत.

तर निवडताना काय विचारायचं?

विक्रेता समोर बसला की त्याला चहा द्या आणि हे सहा प्रश्न विचारा.

१. 'पाठवलं' आणि 'छापलं' यात तुमचं सॉफ्टवेअर फरक करतं का? आयपीपी या प्रोटोकॉलमध्ये (पोर्ट ६३१, पहिली आवृत्ती १९९९ ची) एका कामाच्या सात अवस्था ठरवलेल्या आहेत: वाट पाहतंय, रोखून धरलंय, चालू आहे, चालू असताना थांबलं, रद्द केलं, बिघडून सोडून दिलं, पूर्ण झालं. सातही हव्यात. पण एक मेख आहे. सॉफ्टवेअर कितीही प्रामाणिक असो, ते प्रिंटरशी ९१०० वरून बोलत असेल तर 'पूर्ण' याचा अर्थ 'बाइट गेले' एवढाच होतो. प्रिंटर आयपीपी बोलत असेल तर तिथूनच जोडा, म्हणजे तो उलट सांगतो.

२. प्रिंटर बिघडला तर काय करता? यात तीन पर्याय असतात: परत परत प्रयत्न करायचा, ते काम सोडून पुढे जायचं, किंवा रांग थांबवायची. गेटपासला पहिला ठीक. सीरियल नंबरच्या लेबलला तिसराच हवा, कारण तिथे चुकीचं छापण्यापेक्षा थांबलेलं परवडतं. सगळ्या प्रिंटरना एकच नियम लावणारं सॉफ्टवेअर नको.

३. एका नावामागे तीन प्रिंटर ठेवता येतात का? ऑपरेटरने 'डिस्पॅच' एवढंच निवडायचं, जो मोकळा असेल तिथून कागद निघेल. कप्समध्ये याला क्लास म्हणतात, विंडोजमध्ये पूल. पण प्रिंटर सारखेच हवेत आणि शेजारी शेजारी हवेत, नाहीतर माणूस कागद शोधत फिरतो. आणि लेबलांना हा प्रकार लावू नका, क्रम मोडतो.

४. प्राधान्य देता येतं का? आयपीपीत १ ते १०० असतं. इन्व्हॉइस ९०, एचआरचं पत्रक १०. भांडणं संपली.

५. लाइट गेली तर रांग टिकते का, आणि रांगेला मर्यादा काय? पहिल्या भागाला सगळे 'हो' म्हणतील. मग विचारा, जे काम अर्धं छापलं होतं त्याचं काय? बरीच सॉफ्टवेअरं ते पहिल्यापासून परत छापतात. म्हणजे लाइट आल्यावर तीच दोनदा निघालेल्या लेबलांची गोष्ट! याचं उत्तर स्पूलरमध्ये नसेल तर लेबल काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ठेवावं लागेल, पण ते आधी माहीत हवं. मर्यादेचं म्हणाल तर कप्स मूळ सेटिंगला ५०० कामं लक्षात ठेवतं. सॅपमध्ये स्पूल नंबरची मूळ मर्यादा ३२,००० असते. वरच्या हिशेबाने तीन शिफ्टचे दिवसाला २,७६० होतात. प्रत्येक प्रिंट वेगळी धरली आणि जुनी साफ करायचं काम लावलेलं नसेल, तर बाराव्या दिवशी ती भरली. दोन्ही मर्यादा वाढवता येतात. फक्त कोणीतरी वाढवायला हव्यात, आणि भरायच्या आधी.

६. मराठी नीट निघतं का? हसू नका. सीडॅकच्या जिस्ट कार्डाच्या काळापासून आपण हे भोगतोय. कच्चा मजकूर प्रिंटरकडे पाठवला आणि प्रिंटरमध्ये फाँट नसला की जोडाक्षरं फुटतात किंवा नुसते चौकोन येतात. शेंद्राचा 'शेन्‌ द्रा' होतो. उपाय एकच, की अक्षरजुळणी कॉम्प्युटरवरच पूर्ण करून पीडीएफ किंवा चित्र म्हणून पुढे पाठवायचं. लिनक्सच्या प्रिंटिंगवाल्यांनी २००६ मध्येच पोस्टस्क्रिप्ट सोडून पीडीएफ हा मधला मार्ग धरायचं ठरवलं, त्याचा आपल्याला आयता फायदा होतो. डेमोला इंग्रजी टेस्ट पेज काढू देऊ नका. 'श्रीकृष्ण ट्रान्सपोर्ट, वाळूज' काढायला लावा.

बरं मग, घ्यायचं काय?

प्रश्न नुसते विचारून पळून जाणार नाही, माझं मत सांगतो.

दहा ते शंभर प्रिंटरचा एक कारखाना किंवा दवाखाना असेल तर एक वेगळं लहानसं लिनक्स मशीन, त्यावर कप्स. मायकल स्वीट यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर १९९९ पासून आहे, २००७ मध्ये ॲपलने विकत घेतलं, आणि तुमच्या मॅकमध्येही तेच आहे. स्वीट २०१९ च्या शेवटी ॲपलमधून बाहेर पडले आणि आता ओपनप्रिंटिंगवाले ते पुढे नेतायत. वर विचारलेलं बरंचसं त्यात आहे, वर पानापानाची नोंद ठेवणारा पेज लॉगही आहे. पैसे लागत नाहीत. लागतो तो एक माणूस, ज्याने दोन-तीन शनिवार घालून ते समजून घेतलंय.

सगळी टीम विंडोजवाली असेल तर विंडोजचा प्रिंट सर्व्हरही वाईट नाही, नीट लावला तर. वेगळा सर्व्हर, पूल, प्राधान्य, ऑपरेशनल लॉग चालू, आणि ड्रायव्हर आयसोलेशन चालू. (ही सोय २००९ पासून आहे. एका प्रिंटरचा ड्रायव्हर कोसळला तर बाकीची रांग वाचते.) मी विंडोजच्या विरोधात नाही, 'जसा आला तसा' वापरण्याच्या विरोधात आहे.

अनेक गावांत प्लांट, मागे सॅप, शेकडो प्रिंटर असं असेल तर पैसे देऊन एलआरएससारखं आउटपुट मॅनेजमेंट घ्या. तिथे फुकटचा हट्ट धरू नये. आणि पेपरकट ज्यासाठी प्रसिद्ध आहे ते काम वेगळं: कोणी किती पानं काढली याचा हिशेब. ते चोख करतं, पण हिशेबनीस आणून रांग हलत नसते.

'पण सिक्युरिटीचं काय?'

हा प्रश्न बरोबर आहे, आणि कोणाचीच बाजू स्वच्छ नाही. २०१० च्या स्टक्सनेटने पसरायला जी भोकं वापरली त्यात विंडोजच्या स्पूलरचं एक होतं. २०२१ च्या जुलैमध्ये 'प्रिंटनाइटमेअर'ने जगभरच्या ॲडमिनांची झोप उडवली. २०२३ मध्ये पेपरकटच्या सर्व्हरवर हल्ले झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या परिवारातल्या, आपोआप प्रिंटर शोधणाऱ्या भागात गंभीर दोष सापडले. 'लिनक्स आहे, काही होत नाही' म्हणणाऱ्यांचीही जिरली.

यावरून काढायचा धडा असा: स्पूलर हा भरपूर अधिकार असलेला आणि कोणाकडूनही फाइल घेणारा प्रोग्रॅम आहे, म्हणून त्याला स्वतःचं वेगळं मशीन द्या. डोमेन कंट्रोलरवर तो बंदच करा. आपोआप प्रिंटर शोधणं बंद करा (कारखान्यातले प्रिंटर काही रोज पळून जात नाहीत). ६३१ आणि ९१०० ही पोर्टं बाहेरच्या जगाला दिसू देऊ नका. पॅच वेळेवर लावा. प्रत्येक पीसीवर पन्नास स्पूलर मोकाट सोडण्यापेक्षा एकावर नीट लक्ष ठेवणं सोपं आहे, हा उलट माझ्याच बाजूचा मुद्दा झाला.

आणि 'क्लाउडवर टाकू' म्हणणाऱ्यांना एकच आठवण. गुगल क्लाउड प्रिंट २०१० पासून दहा वर्षं 'बीटा' होतं आणि ३१ डिसेंबर २०२० ला गुगलने ते बंद केलं. कंपनी छोटी नव्हती. गेटपासचा कागद दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवायचा का, ते तुम्ही ठरवा. माझ्या मते प्रिंटर आणि पीसी एकाच शेडमध्ये असतील तर त्यांच्यातली रांग दुसऱ्या खंडात नेण्याचं काही कारण नाही.

एक शनिवार द्या

वाद नको असेल तर परीक्षा घ्या. एक जुना पीसी, एक खराखुरा प्रिंटर, आणि एका बाजूने वापरलेल्या कागदांचा गठ्ठा. ५०० कामं सोडा, प्रत्येकावर फक्त एक आकडा, १ ते ५००. ती एकामागून एक नव्हे, दहा पीसींवरून एकदम सोडा. शंभराच्या आसपास कागदाचा ट्रे बाहेर ओढा, दहा मिनिटं तसाच ठेवा. दोनशेच्या आसपास नेटवर्कची वायर काढा. तीनशेला स्पूलरच्या मशीनची वीजच बंद करा. मग सगळं परत जोडा आणि रांग संपू द्या.

आता गठ्ठा घेऊन बसा आणि मोजा. कुठले आकडे गायब आहेत? कुठले दोनदा आलेत? आणि मुख्य म्हणजे, मोजायच्या आधी सॉफ्टवेअरचा लॉग काय म्हणत होता? लॉग आणि गठ्ठा जुळला तर ते सॉफ्टवेअर घ्या, मग ते दिसायला कितीही जुनाट असो. लॉगमध्ये ५०० आणि हातात ४८७ असतील तर विक्रेत्याला नमस्कार करून वाटेला लावा, डॅशबोर्ड कितीही देखणा असला तरी. एखादं काम दोनदा निघालं पण लॉगने ते कबूल केलं, तर त्यावर इलाज करता येतो. जे सॉफ्टवेअर खोटं बोलतं त्याच्यावर इलाज नाही.

या सगळ्याला एक दिवस आणि एक रद्दीचा गठ्ठा लागतो. ज्या कंपन्या टीम आउटिंगला वेरूळ-म्हैसमाळ करतात त्यांना हा एक दिवस जड जाऊ नये. आणि परीक्षेच्या वेळी रात्रपाळीच्या एका ऑपरेटरला शेजारी बसवा. 'कागद आला नाही तर कुठे बघशील?' हे त्याला विचारा. त्याला स्क्रीनवर पाच सेकंदांत उत्तर सापडलं नाही, तर निवड अजून झालेली नाही असं समजा.

सोमवारी हापिसात गेलात की एवढं करा: आपला स्पूलर कुठला, तो कुठल्या मशीनवर आहे, लॉग चालू आहे की नाही, हे तीन प्रश्न विचारा. तिघांना विचाराल तर तीन उत्तरं मिळतील, असा माझा अंदाज आहे. तिथूनच कामाला सुरुवात करा.

तूर्तास इतकंच. चूक भूल द्यावी घ्यावी.